प्रकाशापेक्षा वेगवान इंटरनेट? मग क्वांटम मेमरी लागते कशाला?

‘क्वांटम इंटरनेट आलं! संदेश प्रकाशापेक्षा वेगाने, केबलशिवाय, जगाच्या दुसऱ्या टोकाला. क्वांटम मेमरीत कॉपी करून सिग्नल हवा तितका लांब नेता येतो. हॅकिंग कायमचं बंद.’ हा मेसेज फिरत होता तोवर दुर्लक्ष केलं. काल बारावीतल्या भाचीने तो पाठवून विचारलं, ‘मामा, मग प्रकाशाच्या वेगाची मर्यादा पुस्तकात का ठेवलीय?’ पुस्तक बरोबर आहे. शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यात असला घोळ घालणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

वेगाचा दावा सगळ्यात बेताल, म्हणून आधी तोच. एन्टँगल झालेल्या, म्हणजे क्वांटम दुव्याने बांधलेल्या जोडीतला एक फोटॉन (प्रकाशाचा कण) इकडे मोजला, की तिकडच्याचं उत्तर त्याच्याशी जुळतं. हे खरं आहे. अशाच प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउजर आणि त्सायलिंगर यांना 2022 चं नोबेल मिळालं. पण इकडे शून्य यावं की एक, हे मोजणाऱ्याच्या हातात नसतं. तिकडच्याला दिसते ती शून्य-एकांची अगदी यादृच्छिक रांग. जुळणी कळते दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर, आणि यादी जाते फायबरने नाहीतर रेडिओने. मग प्रकाशाला मागे टाकलं कुठे?

उलट, क्वांटम मेमरी, म्हणजे क्वांटम अवस्था काही काळ धरून ठेवणारं उपकरण, लागते हीच गोष्ट या मेसेजला खोटं पाडते. चांगल्या फायबरमध्ये दर किलोमीटरला सुमारे 0.2 डेसिबल प्रकाश गळतो. 100 किलोमीटरनंतर शंभरातला एक फोटॉन उरतो, 1000 किलोमीटरनंतर एकावर वीस शून्यं इतक्यांतला एक. सांगुआर आणि सहकाऱ्यांचा 2011 चा ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मधला आढावा याच हिशेबाने सुरू होतो: सेकंदाला दहा अब्ज फोटॉन सोडले, तरी 1000 किलोमीटर पलीकडे सरासरी तीनशे वर्षांत एक पोचेल.

मग सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर लावा? नाही चालत. वाढवणं म्हणजे कॉपी काढणं, आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब कॉपी निघतच नाही, हे 1982 मध्येच सिद्ध झालंय. मेसेजमधलं ‘कॉपी करून’ तिथेच संपलं. म्हणून 1998 मध्ये ब्रिगेल, ड्युर, सिराक आणि त्सोलर यांनी रिपीटरची, म्हणजे लांबच्या अंतरासाठी मध्ये बसवायच्या टप्प्यांची, वेगळी वाट सुचवली. अंतराचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांत एन्टँगल जोडी जमेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा. ज्या तुकड्याचं आधी जमलं, त्याने आपली अवस्था मेमरीत धरून शेजाऱ्याची वाट पाहायची. दोन्ही जमले की मधल्या ठिकाणी एकत्र मोजमाप करून टोकं जोडायची. मेमरी नसेल तर सगळ्या तुकड्यांचं एकाच क्षणी जमावं लागेल, म्हणजे पुन्हा तेच तीनशे वर्षांचं रडगाणं. शिवाय ‘जमलं’ ही बातमीसुद्धा साध्या प्रकाशानेच येते, फायबरमध्ये 100 किलोमीटरला अर्धा मिलिसेकंद. तेवढा वेळ मेमरीने तग धरायलाच हवा.

‘केबलशिवाय’ यात अर्धं तथ्य आहे, मान्य करतो. 2017 मध्ये चीनच्या मिशिअस उपग्रहाने 1200 किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांना जोडीतले फोटॉन दिले. पण सेकंदाला 59 लाख जोड्या बनत असताना दोन्हीकडे मिळून पोचत होती साधारण एक. आणि त्यात क्वांटम मेमरी नव्हतीच.

हॅकिंगचं थोडक्यात. फोटॉन पाठवून गुप्त किल्ली (क्वांटम की) बनवली, तर मध्ये कुणी डोकावल्याचं कळतं. हा सिद्धान्त भक्कम आहे, उपकरणं नाहीत. 2010 मध्ये संशोधकांनी बाजारातल्या क्वांटम की यंत्रणांचे डिटेक्टर प्रखर प्रकाशाने आंधळे करून दाखवले. बीजिंग-शांघाय या क्वांटम की पाठवणाऱ्या फायबर मार्गावर तर मधल्या प्रत्येक थांब्यावर की साध्या रूपात उघडी असते, म्हणून त्या थांब्यांवर विश्वास ठेवावाच लागतो. मेमरीवाला रिपीटर हवा आहे तो हाच विश्वास अनावश्यक करण्यासाठी.

आणि ‘आलं’? 2024 मध्ये हार्वर्डच्या गटाने हिऱ्यातल्या दोन मेमरी बॉस्टन परिसरातल्या 35 किलोमीटर फायबरच्या वेटोळ्यातून एन्टँगल केल्या. फार सुंदर काम आहे ते. पण दोन मेमरी, 35 किलोमीटर, आणि दोन्ही टोकं एकाच प्रयोगशाळेत.