आसोचं म्युझियम आणि आपल्या अंधेरीतला डोंगर

जपानहून येऊन आठवडा झाला तरी आसो डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. क्युशू बेटावरचा हा जिवंत ज्वालामुखी, त्याचं नाकादाके नावाचं मुख अजून धुमसतंय, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये उद्रेक झाला होता. आम्ही खास ते बघायलाच गेलो, पण आईला दमा, आणि वर सल्फर डायऑक्साइड असतो म्हणून दमेकऱ्यांनी मुखापाशी येऊच नये अशी सक्त सूचना. "तुम्ही जाऊन या, मी बसते" म्हणाली, पण तिला एकटीला कसं सोडणार, मग सगळेच कुसासेन्री नावाच्या जवळच्या माळावरच्या ज्वालामुखी म्युझियममध्ये थांबलो.

आणि तिथे मुखाच्या काठावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून आतलं सगळं लाइव्ह दिसतं! आई कितीतरी वेळ नुसती ती वाफ बघत होती. मग कळलं की आपण बसलोय तेच मुळी एका अवाढव्य खड्ड्यात, उत्तर-दक्षिण 25 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 18, साधारण 90 हजार वर्षांपूर्वी पोटातला लाव्हारस बाहेर पडला आणि वरची जमीन खाली खचली. आज आत भातशेती आहे, घरं आहेत, रेल्वे धावते.

आईने विचारलं, आपल्याकडे नाही का गं असं काही?

अगं, तू इतकी वर्षं नवरात्रात ज्या गावदेवीला जायचीस ना तो गिल्बर्ट हिल म्हणजे लाव्हाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा! थंड होताना आकसला, तडे गेले आणि ते उभे खांब तयार झाले, सुमारे 200 फुटांचा कडा. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी फोडून नेला, हा तेवढा उरला, 2007 मध्ये हेरिटेज यादीत आला, आणि आता बिल्डिंगी अगदी अंगाला भिडल्यात. मी अंधेरीतच शिकले, शाळेने एकदाही तिकडे नेलं नाही याचं मला आज खरंच वाईट वाटतं.

मला वाटतं पायथ्याशी एक खोली हवी. मराठीत नीट माहिती, हात लावून बघता येतील असे दगड, आणि वरच्या देवळातलं दृश्य खाली स्क्रीनवर, कारण आईसारख्या कितीतरी जणी आता पायऱ्या चढू शकत नाहीत, खालूनच हात जोडतात. आसोला जमतं तर इथे का नाही?

रविवारी आईला घेऊन पायथ्याशी जातेय, ते खांब जवळून दाखवायला. कुणाला यायचं असेल तर सकाळी सातला या, उशीर केला तर ऊन फार होतं.