सायकल केवढ्याला बसली?

ग्रॅव्हल म्हणजे खडी, त्यामुळे ग्रॅव्हल बाईक म्हणजे खडीवर चालवायची सायकल, एवढं साधं सरळ स्पष्टीकरण मी बायकोला दिलं आणि तिथंच फसलो. ती म्हणाली, "मग एवढं लांब कशाला जायचं, आपल्या कॉलनीत चालवा ना." मुद्दा बिनतोड होता, कारण आमच्या गल्लीत पाईपलाईनसाठी खोदून ठेवलंय तेव्हापासून नुसती खडीच आहे.

दुसरा प्रश्न अर्थातच किमतीचा. इथं मी आमच्या सायकलच्या ग्रुपमधला जुना फॉर्म्युला वापरला: घरी सांगायची किंमत म्हणजे खरी किंमत भागिले चार. सायकल एक लाख अठ्ठावीसची, मी बत्तीस हजार सांगितली, वर "दिवाळीची ऑफर होती" हेही जोडलं. "बत्तीस? सायकलचे?" म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. एक लाख अठ्ठावीस कळले असते तर किती दिवस बोलली नसती याचा हिशोब मी केला नाही.

नाशिकमध्ये हे सायकलचं वेड तसं नवीन नाही. आमच्याच गावच्या डॉक्टर महाजन बंधूंनी 2015 साली दोघांच्या टीमनं रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, साधारण 4800 किलोमीटर, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत. त्यानंतर चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक नाशिककराला वाटायला लागलं की आपल्यालाही जमेल. मलाही वाटलं. अमेरिका नाही तर नाही, पालखेडचा पाट तरी.

तर डिसेंबरातला रविवार, पहाटे साडेपाच, आणि थंडी अशी की निफाडच्या पाऱ्याचा आकडा रोज पेपरात फोटोसकट छापून येत होता. प्लॅन एकदम सोपा होता. म्हसरूळवरून दिंडोरी रोड धरायचा, मोहाडीकडून पालखेडला जायचं आणि तिथून डाव्या कालव्याच्या कडेकडेनं मुरमाच्या रस्त्यानं जितकं जमेल तितकं. कालवा शंभर किलोमीटरपेक्षा लांब आहे, पार येवल्याकडे जातो, म्हणजे रस्ता संपायची भीती नाही, आपणच आधी संपणार. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा, मधे मी, शांतता, ध्यान वगैरे.

शांतता पहिल्या टपरीपर्यंत टिकली.

"केवढ्याला बसली?"

हा प्रश्न आमच्याकडे "राम राम"च्या जागी वापरतात. मी म्हटलं वीस हजार. पुढच्या गावात क्रिकेट खेळणारी पोरं आडवी आली, गियर किती, डिस्क ब्रेक ओरिजनल का, हँडल असं मेंढ्याच्या शिंगासारखं का, आणि केवढ्याला? पंधरा. पाटाच्या कडेला म्हशी धुणारे एक बाबा भेटले तेव्हा मी बारावर आलो होतो. का कमी करत होतो मलाही माहीत नाही, पण त्या माणसाच्या अंगावरचा भोक पडलेला स्वेटर बघून तोंडातून मोठा आकडा निघत नाही हो. नाशिकपासून जितकं लांब जाल तितकी सायकल स्वस्त होत जाते, येवल्यापर्यंत गेलो असतो तर बहुतेक फुकट मिळालेली निघाली असती.

माझ्या एका मित्राला पालखेड म्हटलं की अंगात येतं, "अरे इथंच बाजीरावानं निजामाला कोंडलं!" त्याला दहा वेळा सांगितलं, बाबा रे, 1728 ची लढाई झाली ते पालखेड वैजापूरजवळचं, हे दिंडोरी तालुक्यातलं, कादवा नदीवरचं. त्या वैजापूरजवळच्या पालखेडला निजामाचं पाणी तोडलं होतं म्हणून तो शरण आला. माझी अवस्था निजामापेक्षा वाईट होती, त्याला निदान पाणी दिसत तरी नव्हतं. माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या, शेजारून रब्बीचं आवर्तन सुटलेला तुडुंब कालवा वाहतोय, आणि आत्ताच त्यात म्हशी धुताना बघितल्यात.

बरं, मोबाईलमधल्या नकाशाला कालव्याचे दोन काठ वेगळे आहेत हे कळत नाही. तो म्हणाला सरळ जा, मी सरळ गेलो, दीड किलोमीटरवर रस्ता बाभळीत गडप. चांगला रस्ता पलीकडच्या काठावर. अंतर वीस-पंचवीस फूट असेल नसेल, पण पूल मागं राहिलेला, तोही एवढा मागं की परत जायचं म्हटल्यावर रडू यायचं. नकाशानं दुसरी वाट सुचवली, डावीकडे वळा. ती वाट म्हणजे एका द्राक्षबागेचा बांध होता.

बागा ऑक्टोबर छाटणीच्या, मणी नुकते ज्वारीपेक्षा थोडे मोठे झालेले, म्हणजे फवारणीची ऐन धामधूम. पहिल्याच वळणावर ट्रॅक्टरचा ब्लोअर अंगावरून गेला आणि मी नखशिखांत भिजलो. ट्रॅक्टरवाल्याला ओरडून विचारलं काय मारताय, तो म्हणाला जीए. जीए म्हणजे मणी लांबावेत म्हणून देतात ते. माझी उंची पाच फूट चार इंच आहे. लहानपणी कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचा प्रकार काळ्या मातीचा. थंडीत बाग गारठू नये, मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटेच ड्रिप चालू करतात, जागोजागी शेकोट्या पेटवतात, हे मला वाचून माहीत होतं. ड्रिपची नळी लीक असली की बांधावर काय होतं ते मात्र माहीत नव्हतं. चाळीस एमएमचे टायर दहा पावलांत सत्तर एमएमचे झाले, मग फ्रेममध्ये माती ठासून बसली आणि चाक फिरायचंच थांबलं. उचलायला गेलो तर नऊ किलोची सायकल वीस किलोची. काडीनं माती खरवडून कशीबशी चार हात पुढं ढकलली तर मांडवाच्या तारेचा एक तुकडा कुणीतरी टाकलेला, तो टायरच्या बरोब्बर बाजूच्या भिंतीत घुसला. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चर बुजवायला पांढरं दुधासारखं सीलंट भरलेलं असतं, काट्याचं भोक ते झकास बुजवतं. टायरची बाजू फाटली की ते काही बुजवत नाही, नुसतं उडतं. चाकावर, चष्म्यावर, दाढीत, सगळीकडे.

शेकोटीजवळून बागेचे मालक उठून आले. साठीचे असतील, मफलर, हातात खुरपं. माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, टायरवरचे पांढरे डाग बोटानं पुसून बघितले आणि गंभीरपणे म्हणाले, "भुरी पडली वाटतं सायकलला. गंधक मारा." भुरी म्हणजे द्राक्षावर पांढरी पावडर पसरल्यासारखा दिसणारा रोग.

मग त्यांनीच मला शेकोटीपाशी बसवलं, घरून चहा आणवला, खुरप्यानं चाकाची माती काढली, अगदी निगुतीनं, जशी बागेची करतात तशी. मी पॉकेटमधून स्पेअर ट्यूब काढली तर ती पोराच्या सायकलची निघाली, वीस इंची. काका काही बोलले नाहीत, फक्त पोटातल्या पोटात हसले. "हे पाणी बघा," पाटाकडे हात करून म्हणाले, "आमच्या दारावरून येवल्याला चाललंय. आम्ही नुसतं बघायचं." मग एका बोटानं सायकल उचलून बघितली. मला कळलं आता काय येणार.

"केवढ्याला बसली?"

एवढ्या चहानंतर, एवढ्या मायेनंतर मी त्यांना काय आकडा सांगणार. "आठ हजार, काका."

"आठ?" परत उचलून बघितली. "स्वस्तात मिळाली की ओ."

ते नाशकात औषधं आणायला निघालेच होते. सायकल पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटवर आडवी टाकली, मी पुढं बसलो, आणि "कुठं रिक्षा करता, घरापर्यंत सोडतो" म्हणत त्यांनी गाडी थेट आमच्या गेटाशी लावली. बायको खाली आली. माझा अवतार बघून तिच्या तोंडून शब्द फुटेना, तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, साहेबांना ओरडू नका, सायकल शाबूत आहे. आणि खरं सांगू का, आठ हजारात अशी चीज मिळत नाही."

"आठ?" बायको म्हणाली.

"आठच ना साहेब?"

मी काहीच बोललो नाही. बायको माझ्याकडे अशी बघत होती की मनातल्या मनात बत्तीसातून आठ वजा करतेय हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ते चोवीस हजार कुठं गेले, कुणावर गेले, इथपर्यंत ती तीन सेकंदांत पोचलीही असणार. यातून सुटायचा एकच मार्ग होता, खरा आकडा सांगणे, आणि तो मार्ग सुटण्याचा नव्हता.

तेवढ्यात काकांनी कोपरीच्या खिशात हात घालून पाचशेच्या नोटा काढल्या, थुंकी लावून सोळा मोजल्या आणि माझ्या सीलंटनं चिकट झालेल्या हातात ठेवल्या.

"आमच्या नातवाला पण असलीच एक आणा. पुढच्या रविवारी न्यायला येतो."