1 स्टार रिव्ह्यूला उत्तर: ट्यूनिंग करूनही घाटात सायकलची चेन सटकते

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की गिअर ट्यूनिंगचे 350 रुपये घेतले, आठवड्याच्या आत कात्रजच्या जुन्या घाटात चेन परत सटकायला लागली, आणि परत आलात तर आम्ही म्हणे आता कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बदला, म्हणजे सरळ लूट. राग येणारच, चढावर उभं राहून जोर दिला आणि पॅडल एकदम मोकळं गेलं की काळजात धस्स होतं, त्यात मागे ट्रक असेल तर विचारूच नका. पण लूट मला मान्य नाही, का ते सगळ्यांसमोर सांगतो कारण हा प्रॉब्लेम खूप जणांना येतो.

गिअर स्लिप होतो असं आपण सगळेच म्हणतो पण कारणं वेगवेगळी असतात. केबल सैल पडली किंवा पावसाने आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत, गंज धरला तर सपाट रस्त्यावरसुद्धा टिकटिक येते आणि गिअर आपोआप शेजारच्या चक्रावर जातो, त्याला डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) मागचा छोटा बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायची गोल चकती, पाव-पाव फेरा फिरवला की बऱ्याचदा काम होतं. सायकल उजव्या अंगावर पडून हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा तुकडा) वाकला असेल तर काही गिअर नीट पडतात काही पडत नाहीत. हे ट्यूनिंगचं काम, ते आम्ही केलंय, तुमची केबल आउटरसकट बदलली, हँगर गेज लावून बघितला, आणि स्टँडवर नऊच्या नऊ गिअर तुमच्यासमोर पडत होते.

घाटात होतंय ते वेगळंच आहे. तिथे गिअर बदलत नाही, त्याच गिअरमध्ये जोर दिला की खाडकन चेन दातांवरून उडी मारते, तेही मधल्या दोन-तीन चक्रांवरच, सगळ्यात मोठ्यावर नाही, हे तुम्हीच सांगितलंत. स्टँडवर हाताने पॅडल फिरवून हे कधीच दिसणार नाही कारण तिथे अंगाचं वजन नसतं.

तुमचा मुद्दा असा की जुनी चेन होती तेव्हा असं होत नव्हतं. अगदी बरोबर, आणि कारणच ते आहे. नव्या चेनची प्रत्येक कडी अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटरची, बारा इंचात बरोबर चोवीस. तुमची जुनी चेन स्टीलपट्टीवर ठेवली तर बारा इंचाला जवळजवळ एक सूत पुढे गेलेली, म्हणजे 3 मिलिमीटर. नऊ स्पीडला साधारण 0.75 टक्के वाढली की चेन बदलतात, ही 1 टक्क्यापर्यंत गेलेली. चेन वाढत जाते तसे रोजच्या वापरातले दाते पण तिच्या मापाने झिजतात, म्हणून दोघांचं आपसात जमतं आणि काही जाणवत नाही. मग तुम्ही ऑनलाइन मागवलेली नवी चेन बसवली, ती त्या एका बाजूने झिजलेल्या दातांत पक्की बसत नाही आणि जोर आला की वर चढून सुटते. आता यात केबल कितीही ताणा, डिरेलरची हद्द ठरवणारे हाय-लो स्क्रू कितीही फिरवा, दात काही परत येणार नाही. चेन बसवतानाच हे बोललो होतो, जॉबकार्डवर "कॅसेट झिजलीय, चेन सटकू शकते" असं लिहिलेलं आहे, तुम्ही तेव्हा म्हणालात आधी चालवून बघतो, तेही ठीकच होतं. चेन वेळेवर बदलत गेलं तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन आरामात निघतात, पावसाळ्यात चिखल न पुसता वरून तेल ओतत राहिलं की मात्र दोन्ही लवकर संपतात.

आता काय करायचं ते. दुकानात चांगल्या कॅसेटचं मागचं चाक आहे, ते तुमच्या सायकलला लावून देतो, पैसे नाहीत, घाटात मारून या, तरीही चेन सटकली तर माझं निदान चुकलं, 350 रुपये परत. नाही सटकली तर कॅसेट तुम्हाला हवी तिथून घ्या, बसवायची मजुरी मी घेणार नाही. कॅसेटचा खर्च आत्ता नको असेल तर जुनी चेन ठेवलेली आहे, ती परत टाकून देतो, काही दिवस चालेल पण पुढची चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) पण खाऊन टाकेल हे लक्षात ठेवा. मंगळवार सोडून कधीही या, आणि तोपर्यंत प्लीज घाटात मोठ्या चक्रावर टाकून बसूनच चढवा, उभं राहून जोर देऊ नका.