ग्रीनकार्डवाल्याच्या बायकोने वाट कशी बघावी

मागच्या मंगळवारी रात्री साडेअकराला नवऱ्याचा फोन आला. तिकडे दुपारचे दोन, त्याचा लंच ब्रेक. आवाज पडलेला. म्हणाला, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलंय, पुरावा मागितलाय. म्हटलं कशाचा? तर म्हणे आपलं लग्न खरं असल्याचा.

रात्रभर झोप नाही. सकाळी वाटलं, एवढा अनुभव गाठीशी आहे तर वाटून टाकावा. ज्या मुलींचं सध्या ग्रीनकार्डवाल्याशी, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना मिळालेल्या पण अजून तिथला नागरिक न झालेल्याशी, ठरतंय त्यांनी वाचा, फुकट आहे, एजंट याचेच पैसे घेतात.

तर सगळ्यात आधी, मध्यस्थांवर डोळे मिटून विश्वास ठेवा. आमचे म्हणाले होते, "बायकोला आता रांगच नाही, सगळं करंट आहे." खोटं नव्हते बोलत बिचारे. ग्रीनकार्डवाल्यांच्या नवरा-बायकोची जी रांग असते, एफ-टू-ए म्हणतात तिला, ती जुलै २०१९ पासून खरंच मोकळी होती. सुपारी फुटली, हॉल बुक झाला, आचाऱ्याला इसार दिला, आणि एप्रिल २०२३ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणाचा नंबर लागलाय ते सांगणाऱ्या त्यांच्या सरकारच्या महिन्याच्या यादीत, तारीख धाडकन मागे, ८ सप्टेंबर २०२० वर. म्हणजे त्या तारखेच्या आधी ज्यांनी अर्ज टाकलेत त्यांचाच नंबर. आमचं लग्न मे महिन्यातलं. अंगाला हळद लागायच्या आधीच मी पावणेतीन वर्षं मागे पडले होते.

ते बुलेटिन दर महिन्याला वाचत जा. पंचांगासारखंच असतं, फरक एवढाच की पंचांग पुढे सरकतं.

टुरिस्ट व्हिसा काढून भेटून यायचा विचार मनात आणूच नका. आणलाच तर ऐका, तिकडचा कायदा म्हणतो की येणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं आणि तसं नाहीये हे त्याने पटवून द्यायचं. आता ज्या बाईचा नवरा तिकडे, सासू-सासरे तिकडे आणि कायमचं न्या म्हणून केलेला अर्जही तिकडेच पडलाय, तिने हे पटवायचं कोणत्या तोंडाने?

नवऱ्यालाच इकडे बोलवा मग. येतो की, तीन आठवडे. त्यातला एक जेटलॅगमध्ये, एक नातेवाईकांकडे जेवणात. जास्त राहिला तर नोकरी जाते, आणि सलग सहा महिन्यांवर बाहेर राहिला तर नागरिकत्वाची पाच वर्षं मोजताना अडचण येते.

नोकरी शोधू नका. "तू तर जाणार" म्हणून कोणी देतही नाही.

आखाजीची, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेची, मात्र मजा आहे. सासुरवाशीण आखाजीला माहेरी येते, झोके, गौराई, सगळं साग्रसंगीत. माझ्या लग्नानंतर दोन आखाज्या झाल्या. सासरचं अमळनेरचं घर कुलपात, मी गेलेच नाही कुठे तर येऊ कुठून? तरी शेजारची मावशी गच्चीवर पापड वाळवताना विचारतेच, "कव्हय जाशी वं माय?" तिला हसून म्हणायचं, बस पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात ती पुन्हा विचारते, तिचं काही चुकत नाही.

आता मुद्द्याचं. पुरावा. लग्नाच्या दिवसापासून गोळा करायला घ्या. ग्रामसेवकाने दिलेला विवाह नोंदणीचा दाखला पुरत नाही, त्याने फक्त लग्न झालं एवढं कळतं, ते मनापासून झालं का हे नाही कळत. म्हणून मागतात काय, तर दोघांच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या नावाचा घराचा करार, एकत्र राहिल्याचे कागद. मी गेले बँकेत. साहेब म्हणाले, मिस्टरांना घेऊन या. म्हटलं तेच तर करायचंय मला, त्यासाठीच खातं हवंय! त्यांना काही कळलं नाही, टोकन नंबर पुढे गेला.

फोटो म्हणाल तर अल्बम आहे चाळीस पानी. फोटोग्राफरने हौसेने आम्हाला अमेरिकेतल्या त्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासमोर चिकटवलंय, मी शालूत, हा फेट्यात, मागे समुद्र. आता हा फोटो पाठवला तर अधिकारी विचारेल, ही बाई न्यूयॉर्कला कधी येऊन गेली? नाही पाठवला तर बत्तीस ते पस्तीस पानं गायब का? पत्रिका पाठवावी तर ती मराठीत, आणि मराठी कागदाला सर्टिफाइड इंग्रजी भाषांतर लागतं. "आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं" याचं सुद्धा. खाली पाच चिमुकल्यांची नावं आहेत, ते आता अमेरिकन सरकारला बोलावणं धाडणार. चॅटचंही तेच. जेवलास का. हो. काय? तेच. असं दोन वर्षांचं, पानाला पैसे मोजून इंग्रजीत. आणि याला उत्तर द्यायला आपल्याला जास्तीत जास्त ८४ दिवस, वर टपालाचे थोडे, त्यांनी मात्र दोन वर्षं फाईल उघडली नाही तरी कोणी विचारत नाही!

अहो, पंगतीला दीड हजार माणूस जेवलंय. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, तिसरी पंगत उठेपर्यंत भाजी संपली म्हणून माझे काका अजून माझ्या बापाला बोलतात. वरात दोन तास चौकात अडली होती, हायवेवरचे ट्रकवाले साक्षीला येतील. खोट्या लग्नात कोणी भाजीवरून भांडतं का?

आणि एकत्र राहिल्याचा पुरावा तुम्ही मागता? तुम्ही? ज्यांनी आम्हाला वेगळं ठेवलंय त्यांनीच विचारायचं की वेगळे का राहता? लग्न खोटं असतं ना, तर मी केव्हाच मोकळी होऊन दुसरं केलं असतं. रोज रात्री साडेअकराचा गजर लावून जागी राहिले नसते, आणि हिवाळ्यात त्यांचं घड्याळ तासभर मागे गेलं की साडेबाराचा.

आपल्याकडच्यांनाही सोडणार नाही मी. ग्रीनकार्ड म्हटलं की कान टवकारतात सगळ्यांचे. पगार विचारता, गाडी विचारता, गुण किती जुळतात ते बघता, मग कार्ड कधी मिळालं आणि नागरिक कधी होणार हे का नाही विचारत? नागरिक झाला की बायकोला ही रांगच लागत नाही. पाच वर्षं झाली की त्याला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कोणाला माहीत नव्हती. मलाही नव्हती, बीएस्सी झालेय मी, मोबाईल हातात होता, एकदा शोधलं असतं तर कळलं असतं. हॉलचं डेकोरेशन शोधत बसले होते.

चला, जळगावहून भाषांतरवाल्याचा फोन येतोय. "चि. सौ. कां." ला इंग्रजीत काय लिहू विचारतोय सकाळपासून.