रक्तगट सारखा निघाला म्हणून लग्न मोडू नका

लग्नसराई आली की एक मेसेज घरोघरी फिरतो: ‘मुलामुलीचा रक्तगट एकच असेल तर लग्न करू नका. सारखं रक्त म्हणजे बहीण-भावाचं रक्त. मूल मतिमंद किंवा अपंग जन्मतं. दोघंही ओ पॉझिटिव्ह असतील तर मुळीच नको.’ यावरून पसंती झालेली स्थळं परत जातात, म्हणून यातलं एकेक विधान तपासायलाच हवं.

सारखं रक्त म्हणजे नातं? नाही. ए, बी, एबी की ओ हे नवव्या गुणसूत्रावरचं एक जनुक ठरवतं. आपल्याकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. त्यातल्या एकावरून कोणी कोणाचं भावंड ठरत नाही. उलट आई ‘एओ’ (एका पालकाकडून ए, दुसऱ्याकडून ओ) आणि वडील ‘बीओ’ असतील तर त्यांच्या सख्ख्या चार मुलांचे चार वेगळे गट असू शकतात. मला खरी काळजी वाटते ती दुसरीकडे. मामाच्या मुलीशी लग्न ठरतं आणि रक्तगट वेगळा आला म्हणून सगळे निर्धास्त होतात. आते-मामे भावंडांमध्ये सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. दोष असलेलं एकच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता तिथे वाढते.

मूल अपंग होतं? दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अनेक जमातींमध्ये जवळजवळ सगळेच ओ गटाचे आहेत. तिथे शतकानुशतकं ओ-ओ अशीच लग्नं झाली आणि मुलं धडधाकट जन्मली.

ओ-ओ नकोच? इथे तर मेसेजने गोष्ट पार उलटी केली आहे. ओ गटाच्या आईच्या रक्तात ए आणि बी या दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडं (परक्या रक्तपेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) असतात. बाळ ए किंवा बी गटाचं असेल तर त्याला जन्मानंतर कावीळ होऊ शकते. बहुतेक वेळा ती प्रकाशोपचाराने बरी होते. वडीलही ओ असतील तर बाळ ओ गटाचंच येतं आणि हा प्रश्न उद्भवतच नाही.

या भीतीचं मूळ बहुधा आरएच घटकात, म्हणजे गटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये, असावं. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह, म्हणजे गट *वेगळे* असताना, बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईचं शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला धोका होतो. त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे: साधारण २८व्या आठवड्यात एकदा, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. लग्न मोडायचं मात्र काहीच कारण नाही.

लग्नाआधी तपासायचंच असेल तर थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आई-वडिलांकडून मुलांत येणारे रक्ताचे आजार तपासा. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची चाचणी कुणीच टाळू नये. वाहकाला, म्हणजे जनुकाच्या जोडीतलं एकच सदोष असलेल्याला, सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे चाचणीशिवाय कळत नाही, आणि रक्तगटाच्या कार्डावर तर हे दिसतच नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा जोडप्यालाही गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करून घेता येते.