अमावास्येचा ‘शांत’ समुद्र आणि माझा भाचा

परवा डोंबिवलीहून भाच्याचा फोन. "आत्या, शनिवारी आम्ही सहा जण येतोय. रो-रोनं मांडव्याला उतरू, अकराच्या सुमाराला अलिबागला, आणि थेट कुलाबा किल्ल्यात चालत. अमावास्या आहे ना, पाणी नसणारच!" कुलाबा किल्ला म्हणजे आमच्या अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा असलेला, ओहोटीला चालत गाठता येणारा. मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तर त्यानं व्हॉट्सअॅपवरचा तो लांबलचक मजकूर पाठवला. ‘किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी चंद्राचे पाच नियम, जपून ठेवा, पुढे पाठवा.’ तोवर तो मला तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी न वाचता पुसला होता. चूक माझीच.

पहिला नियम असा: ‘अमावास्येला आकाशात चंद्र नसतो. चंद्र नाही म्हणजे त्याची ओढ नाही. म्हणून त्या दिवशी समुद्र शांत असतो आणि समुद्रातल्या किल्ल्यांवर दिवसभर चालत जाता येतं.’

कोळीवाड्यातल्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, हे वाचून दाखवा, तो हसून लोटपोट होईल. अमावास्येला चंद्र कुठे जात नाही. सूर्याच्या बाजूलाच असतो, त्याच्याबरोबर उगवतो, त्याच्याबरोबर मावळतो. उजेड पडलेली बाजू पलीकडे असते म्हणून आपल्याला दिसत नाही, एवढंच. आणि तो सूर्याच्या रांगेत असतो हीच तर गोम आहे. भरती आणण्यात सूर्याचाही वाटा असतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, एकमेकांचा जोर मारतात. ती भांगाची भरती. म्हणजे महिन्यातले जे दोन दिवस समुद्राच्या जोराचे, त्यातला एक उचलून यांनी ‘शांत’ ठरवला.

आता वेळेचा हिशेब बघा, कारण जीव त्यात अडकलाय. आमच्याकडे जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट. तिथीला पाऊणनं गुणलं की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. अमावास्या पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. खरं अंतर तिथीमागे ४५ नव्हे, ४८ मिनिटांच्या आसपास असतं, त्यामुळे पक्ष संपता संपता हा हिशेब पाऊण तास मागे पडतो. म्हणजे धरा बाराच्या सुमाराला. माझा भाचा अकराला किल्ल्याकडे चालत निघणार होता! समुद्र जवळजवळ भरलेला, आणि उधाणाचा.

त्याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. अकराला निदान पाणी समोर दिसतं, माणूस थांबतो. पण समजा कोणी साडेसातला, वाट मोकळी बघून गेला आणि आत फोटो काढत, गणपतीच्या देवळात टेकत बसला, तर? पाणी दर तासाला सारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, आणि मग तिसऱ्या-चौथ्या तासाला तीन-तीन. उधाणाला इथे ओहोटी-भरतीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. म्हणजे मधल्या दोन तासांत दोन मीटर, उंच माणसाच्या डोक्यावरून. घोट्याएवढं पाणी बघून ‘अजून वेळ आहे’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. मग होडी शोधा, नाहीतर ओहोटीची वाट बघत किल्ल्यात बसा. आत गोड्या पाण्याची विहीर आहे म्हणा, तहानेनं मरणार नाही.

या पहिल्या नियमात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करते. अमावास्येची ओहोटीही सगळ्यात खोल असते. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी इतकं मागे हटतं की किल्ल्यापर्यंतचा खडक उघडा पडतो, घोडागाड्या जातात. कोणीतरी तेवढंच बघितलं असणार आणि ‘दिवसभर’ हा शब्द स्वतःच्या खिशातून घातला. शिवाय लाटांचं म्हणाल तर थंडीतल्या सकाळी अमावास्येलाही पाणी तळ्यासारखं दिसू शकतं. लाटा वाऱ्याच्या असतात. पाण्याची चढउतार त्या सपाटीखालून गुपचूप चालते.

दुसरा नियम: ‘चंद्र उगवला की भरती, मावळला की ओहोटी.’ हा मला सगळ्यात मजेशीर वाटला, कारण आमच्या किनाऱ्यावर नेमकं उलटं आहे. मुंबई-अलिबागला चंद्र डोक्यावर असतो तेव्हा, आणि पायाखाली पृथ्वीच्या पलीकडे असतो तेव्हा, भरती असते. तो क्षितिजाला टेकतो तेव्हा ओहोटी. पटत नसेल तर येत्या संकष्टीला बघा. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, त्यामुळे रात्री नऊच्या पुढेमागे ओहोटी. आणि संकष्टीचा चंद्र साधारण केव्हा उगवतो? नऊच्याच आसपास. मोदकाचं ताट घेऊन गच्चीवर उभे राहाल तेव्हा किनाऱ्यावर पाणी ओसरलेलं असेल. हे सगळ्या बंदरांना असंच लागू नाही हेही सांगते. किनाऱ्याचा आकार, खाडी, तळाचा उथळपणा यांनी वेळ गावागणिक बदलते. म्हणून तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर पाण्याची पातळी १८७८ पासून मोजली जाते. सव्वाशेहून जास्त वर्षांची नोंद एकीकडे आणि ‘जपून ठेवा’वाला मजकूर दुसरीकडे. कोणाचं ऐकायचं ते ठरवा.

तिसरा नियम म्हणतो, संकष्टीचा चंद्रोदय देशभर एकाच वेळी होतो, गावोगावचे वेगळे आकडे हा पंचांगवाल्यांचा धंदा आहे. अहो, नागपूरच्या जावेला फोन लावा. तिचा उपास अलिबागच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं सुटतो, कारण नागपूर सहा अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटं. घड्याळ देशभर एक आहे, आकाश नाही.

चौथा: महिन्यातून एक दिवस चंद्र उगवतच नाही आणि ‘नासा’ ते लपवते. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. उशीर साचत साचत वद्य अष्टमीच्या सुमाराला मध्यरात्रीपाशी येतो. एका रात्री पावणेबाराला उगवला तर पुढची वेळ साडेबाराच्या पुढची, म्हणजे तारीख बदलली. मधल्या तारखेच्या रकान्यात रेघ. गोकुळाष्टमीला मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र वर येतो हे ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांना ‘नासा’ काय लपवणार?

पाचवा नियम शरीरातल्या सत्तर टक्के पाण्याचा. पौर्णिमेला अंगात भरती येते म्हणून ऑपरेशन टाळा. यावर जास्त लिहिण्याची इच्छा नव्हती, पण आमच्या ओळखीच्या एका काकांनी यापायी मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलली. भरती येते ती पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूला बसणाऱ्या ओढीतल्या फरकामुळे, आणि त्या दोन बाजूंमध्ये साडेबारा हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. काका साडेपाच फूट आहेत. अख्ख्या भूमध्य समुद्राला बहुतेक ठिकाणी जेमतेम हातभर भरती येते, तर काकांना किती येणार?

आणि पौर्णिमा-अमावास्या टळली की धोका टळला, असंही कोणी समजू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पौर्णिमा होऊन पाच दिवस उलटले होते. दुपारच्या भरतीनं पाण्याची वाट अडवायची ती अडवलीच.

भाच्याला इतकं सगळं सांगितलं नाही. त्याला एवढंच कळवलं: शुक्रवारी रात्रीच ये, मुक्कामाला. पहाटे साडेपाचला उठवीन, उजाडता उजाडता चालत जाऊ, साडेसातच्या आत किनाऱ्यावर परत. उठणार नसशील तर दुपारी जेवायला ये, आणि किल्ला वाळूवर बसून बघ.