'आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं': ऑटिझमवरच्या एका फॉरवर्डची उलटतपासणी

कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. पूर्वी ऑटिझम (बोलणं, माणसांत मिसळणं अवघड जाणारी मेंदूच्या वाढीतली अवस्था), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलं काही नव्हतं. आई नोकरीला जाऊ लागली, घरं विभक्त झाली, पोराच्या हातात मोबाईल आला, वर इतक्या लसी टोचल्या, म्हणून आता घरोघरी अशी मुलं. डॉक्टर 'जेनेटिक' म्हणतात ती त्यांची पळवाट, कारण आमच्या सात पिढ्यांत कुणाला हे नव्हतं. उपाय सोपा: तीन महिने मोबाईल बंद करा, मुलाला गावी आजीजवळ ठेवा, मूल बोलू लागेल. शेवटी हात जोडलेले इमोजी.

यातला एकेक आरोपी पाहा. आईची नोकरी, मोबाईल, लस: सगळे जन्मानंतरचे. मेंदूतल्या पेशी तयार होणं, त्यांनी आपापल्या थरात जाऊन बसणं, हे काम बहुतांशी गर्भातच उरकतं. ऑटिझमशी जोडलेली कितीतरी जनुकं नेमकी याच काळात कामाला लागलेली असतात. म्हणजे घटना घडली एकीकडे आणि पंचनामा चाललाय दिवाणखान्यात.

आता 'पूर्वी नव्हतं' हा मुद्दा. जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी 1902 साली लंडनमध्ये व्याख्यानं देऊन एका जागी न टिकणाऱ्या, स्वतःला आवर न घालता येणाऱ्या मुलांची वर्णनं केली होती. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमला वैद्यकात स्वतंत्र ओळख मिळाली. त्या मुलांच्या घरात मोबाईल सोडा, टीव्हीही नव्हता. आपल्याकडे मुंबईत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा निघाली ती 1944 मध्ये. मुलं होती. गावात त्यांना खुळा, वेडगळ, हट्टी, मुका म्हणत, आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवत.

आकडे वाढले हे खरंच. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांमध्ये 2000 साली 150 मागे एकाची नोंद होती, 2022 च्या पाहणीत 31 मागे एकाची. पण मधल्या काळात मोजपट्टीही बदलली. निदानाच्या अमेरिकी नियमावलीत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली 1980 मध्ये, 1994 मध्ये व्याख्या रुंदावली, आणि 2013 पर्यंत एकाच मुलाला ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं द्यायला त्या नियमावलीची परवानगीच नव्हती. डेन्मार्कमध्ये संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा तिथल्या वाढीपैकी सुमारे 60 टक्के भाग निदानाचे निकष आणि नोंदीची पद्धत बदलल्यामुळे असल्याचं निघालं. भारतात 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 प्रकारांच्या यादीत घातलं. प्रमाणपत्र मिळतं, परीक्षेत सवलत मिळते म्हटल्यावर लोक निदान करून घेतात, आणि घ्यावंच. उरलेल्या वाढीत थोडी खरी वाढही असू शकेल: आईवडिलांचं वाढलेलं वय, सातव्या महिन्यात जन्मूनही आज वाचणारी बाळं. यांपैकी एकही गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही.

आईवरचा आरोप तर जुनाच आहे, नवा फक्त इमोजी. कॅनर यांनीच या मुलांच्या आईवडिलांच्या कोरडेपणाबद्दल लिहून ठेवलं होतं. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात त्याचा सिद्धान्त करून टाकला: थंड आई, म्हणून मिटलेलं मूल. एका पिढीच्या आया या एका वाक्याखाली भरडल्या गेल्या. त्या सिद्धान्ताला धक्का देणारं पुस्तक 1964 मध्येच आलं होतं, ते लिहिणारे बर्नार्ड रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. मग 1977 मध्ये सुझन फोल्स्टिन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या 21 जुळ्या जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एकाला ऑटिझम होता. हुबेहूब जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत तो दोघांनाही होता, साध्या जुळ्यांच्या 10 पैकी एकाही जोडीत नव्हता. आई तीच, घर तेच, फरक जनुकांच्या सारखेपणाचा. अभ्यास लहान होता. पण 2019 मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 20 लाख मुलांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हाही मुलामुलांतल्या फरकापैकी सुमारे 80 टक्के फरक आनुवंशिक निघाला आणि आईमुळे म्हणून वेगळा मोजलेला परिणाम नगण्य. (80 टक्के हा आकडा लोकसमूहातल्या फरकाचा आहे. एका मुलाचा ऑटिझम 80 टक्के जनुकांचा आणि 20 टक्के घरचा, असा त्याचा अर्थ होत नाही.)

'मग आमच्या घराण्यात कुणाला कसा नाही?' फॉरवर्डमधला हा एकच प्रश्न विचार करण्याजोगा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जनुकीय असणं आणि घराण्यात चालत आलेलं असणं या दोन गोष्टी वेगळ्या. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून झालेली चूक मूळ पोथीत शोधून सापडत नाही, तसंच इथे. प्रत्येक बाळात आईवडिलांकडे नसलेले काही डझन नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी. एखादा मात्र मेंदूच्या बांधणीतल्या मोक्याच्या जनुकात पडतो. डाउन सिंड्रोम हे ठळक उदाहरण: एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत 1959 मध्ये सापडली, आजार पूर्णपणे जनुकीय, आणि बहुतेक वेळा घराण्यात आधी कुणालाच नसतो. मुलींना होणारा रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा विकारही जवळपास नेहमी असाच नव्याने येतो. आइसलँडमधल्या 2012 च्या अभ्यासात दिसलं, की वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की बाळातले असे नवे बदल सरासरी दोनाने वाढतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला आईची नोकरी दिसली, बापाचं वय दिसलं नाही.

काही बदल लपूनही येतात. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारात जनुकाचा एक तुकडा पुन्हापुन्हा लिहिला जातो. 55 ते 200 वेळा असेल तर माणूस साधारण चारचौघांसारखा जगतो, 200 च्या वर गेला की बौद्धिक अक्षमता येते, बहुतेकदा ऑटिझमची लक्षणंही. आजोबा ठणठणीत, त्यांची मुलगी ठणठणीत, नातवाला त्रास. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. तिथे दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेली सदोष प्रत असू शकते, आणि दोन्ही प्रती बाळात एकत्र आल्या की कित्येक पिढ्या दबून राहिलेला विकार वर येतो. आणि पुष्कळ घरांत एकच मोठा बदल नसतोच, शेकडो लहानसहान बदलांची बेरीज असते. म्हणून तर ज्या घरात 'हा बोलत नाही' म्हणून काळजी, त्याच घरात आजी सांगत असते, 'याचा बापही उशिराच बोलला'. सात पिढ्यांचं तपासलेलं रेकॉर्ड कुणाकडे असतं, हे विचारायला नकोच.

लसीबद्दल लांबण लावत नाही. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा 1998 चा निबंध 12 मुलांवर होता, तो 2010 मध्ये नियतकालिकाने मागे घेतला आणि लेखकाचा वैद्यकीय परवाना गेला. डेन्मार्कमधल्या 6,57,461 मुलांच्या अभ्यासात 2019 मध्ये एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी काही संबंध आढळला नाही. घोळ होतो तो वेळेमुळे. काही मुलांचं आलेलं बोलणं दीड-दोन वर्षांच्या सुमारास मागे पडतं आणि आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात 16 ते 24 महिन्यांत डोस असतात. गंमत अशी, की गर्भारपणात झालेला रुबेला हे ऑटिझमचं सिद्ध झालेलं कारण आहे. 1964 च्या अमेरिकेतल्या साथीनंतर स्टेला चेस यांनी अशी 243 मुलं तपासली, त्यांतल्या 18 जणांत पूर्ण किंवा अंशतः ऑटिझम सापडला. 2018 च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळांत गोवर-रुबेला लसीची मोहीम निघाली तेव्हा अफवा उठल्या त्या याच लसीविरुद्ध.

मोबाईल. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको हे बालरोगतज्ज्ञही सांगतात. बोलणं लांबतं, झोप बिघडते. पण 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे स्क्रीनमुळे आलेला म्हणतात तो ऑटिझम, हे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत नाही. शिवाय जे मूल माणसांपेक्षा फिरत्या वस्तूंत रमतं, हाक मारली तरी वळत नाही, त्याच्या हातात मोबाईल लवकर जातो आणि जास्त वेळ राहतो. बाण कुठून कुठे जातो ते नुसत्या तासांवरून कळत नाही. मोबाईल बंद करताच महिन्याभरात एखादं मूल खुललं, तर ते बहुधा बोलायला कुणी नसलेलं मूल होतं. आजीची सोबत त्याला लाभली, छानच झालं.

परिसराची कारणं खरी आहेत, पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही. 2018 मध्ये भारतातल्या पाच ठिकाणच्या, त्यांत उत्तर गोवाही, 2 ते 9 वर्षांच्या 3,964 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, अपस्मार, ऐकू न येणं अशा नऊ अवस्था मिळून साधारण आठांत एका मुलाला काही ना काही होतं. धोका वाढवणाऱ्या गोष्टी: घरी झालेलं बाळंतपण, जन्मताच न रडलेलं बाळ, कमी वजन, पहिल्या महिन्यातलं आजारपण, मेंदूतला संसर्ग, खुंटलेली वाढ. व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं औषध गर्भारपणात घेतलेल्या आयांच्या मुलांत डेन्मार्कमध्ये ऑटिझमचं प्रमाण 4.42 टक्के आढळलं, एकूण सगळ्या मुलांत 1.53. (हे वाचून गोळी आपणहून बंद करू नका. फिट आली तर बाळालाही धोका. डॉक्टर पर्याय देतात, तेही दिवस जाण्याआधी विचारलं तर उत्तम.) 2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी गर्भारपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलचा ऑटिझमशी संबंध जोडला. स्वीडनमधल्या सुमारे 25 लाख मुलांच्या 2024 च्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर तो संबंध उरला नव्हता.

राहिला 'तीन महिने थांबा' हा सल्ला. मेसेजमधला सर्वांत महाग पडणारा भाग हाच, कारण तीनाचे सहा होतात, मग 'शाळेत गेला की बोलेल'. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतात आणि वाढ मागे असली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मोबाईल बंद करायचा तर आजच करा, आणि त्याच आठवड्यात मुलाला तिथे किंवा बालरोगतज्ज्ञाकडे न्या. बोलत नसलेल्या मुलाची आधी कानांची तपासणी करून घ्या. ऐकूच येत नसेल तर उपचाराची दिशा वेगळी असते, आणि हे निदान दिवाणखान्यात बसून होत नाही.